हिराची मंगळवारची शिकवणी

हिरा, मी तुला शेवटचं जे बोलले ते फार साधं वाक्य होतं. "ज्याला शिकायचंय त्याने वर यावं." तू खाली चाळीच्या दाराशी उभी होतीस. कानाला फोन, डोक्यावरून पदर. मी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून तुझ्याकडे बघत फोनवर बोलत होते. तू म्हणालीस, "बाई, खाली ये ना जरा. बसू इथंच." त्यावर मी ते वाक्य टाकलं. तू वर पाहिलंस, "बरं" म्हणालीस आणि मार्केटच्या दिशेने चालू लागलीस. ऊन कडक होतं, म्हणून पदर घेतला असेल असं मला वाटलं.

त्यानंतरच्या तिन्ही मंगळवारी मी दुपारी तीनला दार उघडं ठेवलं आणि चारला आपटून बंद केलं. फोन केला नाही. चूक तुझी, तर फोनही तूच करायचा, असा माझा हिशेब. चौथ्या मंगळवारी बरोबर तीन वाजता दारात चपला काढल्याचा आवाज आला. मी मनात बोलणी जुळवूनच उठले होते. दारात तुझी रेखा होती. लग्न होऊन दोन महिने झालेली पोर, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. आत न येताच तिने सांगितलं, "बाई, आई गेली. परवा दहावं झालं."

तू दोन आठवडे परळच्या इस्पितळात होतीस. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मी ज्या तिसऱ्या मंगळवारी दार आपटलं, त्या मंगळवारी तर तू नव्हतीसच.

आता शेजारच्या बायका विचारतात, तुमची कोण होती ती? काय सांगू? वीस वर्षं मी तुझ्याकडून मासे घेतले. लालबागच्या मार्केटात तुझी जागा खांबाजवळची. मी शाळेतून परतताना यायचे, पिशवी पुढे करायचे, तू विचारायचीही नाहीस, चार बांगडे किंवा बोंबलांचा वाटा टाकायचीस. मी महापालिकेच्या शाळेत गाण्याची बाई, एवढंच तुला माहीत. तू शीव कोळीवाड्याची, नवरा गेलेला, एक मुलगी, एवढंच मला. वीस वर्षांत आपण पापलेटाच्या पलीकडे बोललो नाही.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो श्रावण आला. मार्केट सुनसान होतं. मी भाजी घेऊन तुझ्यासमोरून चालले होते तर तू हाक मारलीस आणि म्हणालीस, "बाई, तुझे बाबा बाजा वाजवायचे ना? छातीवर घेऊन वाजवतात तो?" चाळीतल्या कुणाकडून तरी तुला कळलं असावं. मी म्हटलं, हो, अकॉर्डियन. गिरणी सुटली की आमचे बाबा चाळीच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि तरुणपणी मीही बायकांच्या वाद्यवृंदात चार-पाच वर्षं वाजवलं होतं. तू टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलंस. "माझे घरात हाय एक. नवऱ्याचा. मना शिकव."

मी हसले. तुझं वय तेव्हा चौपन्न. त्या हसण्याचाही मला आता राग येतो.

पुढच्या गुरुवारी तू गोधडीत गुंडाळलेलं ते धूड तीन मजले चढून वर आणलंस. तुझा नवरा हळदीच्या रात्री कोळीवाड्यातल्या बँडपार्टीत वाजवायचा. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं पेटी पलंगाखाली होती. खांद्याचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले, भाता दोन ठिकाणी फाटलेला. पट्टी दाबली की सुराऐवजी नुसती हवा फुसफुसायची. आपण दोघी ती टॅक्सीत घालून गिरगावात घेऊन गेलो, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्या कारागिराकडे. त्याने पेटी उघडली तेव्हा आतून चिमूटभर वाळू निघाली. तो फुंकर मारणार इतक्यात तू त्याचा हात धरलास. वाळू कागदाच्या पुडीत बांधलीस आणि कमरेला खोचलीस. कुठल्या किनाऱ्यावरची, कुणाच्या लग्नातली, तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. कारागिराने रीडवरचा गंज तासला, भात्याला नवं चामडं लावलं. पेटी हातात घेऊन तू पहिल्यांदा भाता ओढलास तेव्हा दुकानातला दुसरा माणूस दचकला. तुला त्या आवाजाचं इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

शिकायचं काय, ते तू ठरवूनच आली होतीस. मी सा-रे-ग-म काढलं तर म्हणालीस, ते नंतर बघू, मना धवले वाजवाचेत. तुझी आई धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला ठरलेलं गाणं गायचा मान तिचा. हळद दळताना वेगळा धवला, नवरीला न्हाऊ घालताना वेगळा, घरातून निघताना वेगळा. तिला पन्नासेक यायचे, तुला त्यातले सात आठवत होते, आणि तुझ्यानंतर कुणालाच आठवणार नव्हते. मी विचारलं, मग गा ना, वाजवायचे कशाला? तू म्हणालीस, "तीस वर्षं मार्केटात ओरडून गळा फाटला, बाई. गायला गेले तर भाव सांगितल्यासारखं वाटतं." रेखाचं लग्न दोनेक वर्षांत होईल, तिच्या हळदीला एक तरी धवला घरातल्या माणसाने वाजवावा, एवढंच तुझं म्हणणं.

मी चांगली बाई नव्हते, हिरा. चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळून माझा आवाज तापट झालेला. पहिले दोन महिने तुझी डावी बाजू आणि उजवी बाजू एकत्र येईनात. डावीकडची बटणं दिसत नाहीत, ती बोटांनीच ओळखायची, आणि तू सारखी मान वाकवून बघायचीस. मी तुझ्या मानेला हाताने सरळ करायचे. भाता कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे तुला समजायचं नाही. ओळीच्या मध्येच हवा संपायची आणि तू माशासारखं तोंड उघडून माझ्याकडे बघायचीस. कोयत्याने कापलेली, मिठाने चिरलेली तुझी बोटं पट्ट्यांवर जड पडायची. मी म्हणायचे, हलक्या हाताने. तू म्हणायचीस, "हलका हात घेऊन मी घोळ कापते काय?" शेजारच्या सावंत वहिनींनी एकदा येऊन सांगितलं की दुपारची झोप होत नाही. दुसऱ्या दिवशी तू त्यांना सुरमईच्या दोन तुकड्या नेऊन दिल्यास. नंतर त्या स्वतःच विचारायच्या, हिराबाई आल्या नाहीत का आज?

सहा महिन्यांनी तुझ्या हातून पहिला धवला सलग निघाला. अडखळत, पण सलग. तू पेटी मांडीवरच ठेवून भाता मिटलास. मग म्हणालीस, "आय असती तर म्हणाली असती, कुठं शिकलीस गो हे इंग्रजी?"

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. त्या धवल्यात एक जागा होती, नवरीच्या बापाचं नाव येतं तिथली. तुझी आई तिथे सूर खाली ओढायची, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी जायची. मी तुला सांगितलं, हा सूर या पेटीत नाही. पेटीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांच्या मधे काही नाही. तू म्हणालीस, हाय. मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "हाय. तू नीट दाबत नाय." मग तू तुझ्या पद्धतीने करून दाखवायचीस, पट्टी अर्धीच दाबायचीस, भाता जोरात ओढायचीस, आणि पेटी कण्हल्यासारखी व्हायची. मी म्हणायचे, ही घाणेरडी सवय आहे, पट्टी पूर्ण दाब. शिवाय मी ते गाणं ताल धरून बसवायला गेले तर तू हात थांबवायचीस. माझी आय मोजून नाय गायची, म्हणायचीस. वर्षभर आपण त्या एका जागेवरून भांडलो. मी वह्या काढून तुला स्वरांची गणितं सांगितली. तू ऐकून घेतलीस आणि पुढच्या खेपेला पुन्हा अर्धी पट्टी दाबलीस.

रेखा येऊन गेल्यावर मी माळ्यावर पडून असलेली बाबांची पेटी खाली काढली आणि तू करायचीस तसं केलं. पट्टी अगदी थोडी दाबली आणि भाता जीव खाऊन ओढला. सूर खाली घसरला, हिरा. जिथे जायला हवा होता तिथेच गेला. तुझी आई जिथे न्यायची तिथेच, माझी खात्री आहे. साठ वर्षांची मी, चाळीस वर्षं गाणं शिकवलं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुला कुणी सांगितलंही नव्हतं. तू ऐकून-ऐकून शोधलंस, आणि मी तुझी बोटं दाबून ते बंद केलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तू म्हणालीस की दीड महिना येणार नाही, अलिबागला बहिणीकडे जातेय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मे महिन्यात आमची अख्खी चाळ कोकणात रिकामी व्हायची तेव्हा तूच हसायचीस, "तुमचं बरं, गावं हायत. आमचं गाव हेच." जे गिऱ्हाइकाला एक दिवस चुकवत नाही ते माणूस धंद्याच्या दिवसांत दीड महिना बहिणीकडे जात नाही. तू परत आलीस ती बारीक होऊन. मी म्हटलं, बहिणीने उपाशी ठेवलं का? तू हसलीस. आणि वार बदलून मागितलास. गुरुवार नको, मंगळवार दे, मंगळवारी अर्धं लालबाग मासे खात नाही, धंदा नसतो. पटण्यासारखं होतं, मी हो म्हटलं.

त्यानंतर तुझा भाता पुरता उघडेना. डाव्या खांद्यावरचा पट्टा तू घ्यायचीच नाहीस, पेटी नुसती मांडीवर टेकवून बसायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, टोपली उचलून खांदा भरलाय. मी पट्टा स्वतःच्या हाताने तुझ्या डाव्या खांद्यावर चढवला आणि खेचून घट्ट केला. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, नाटक करते आहे. पुढच्या मंगळवारीही तेच, अर्धा भाता, अर्धा सूर. मी पेटी तुझ्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "वाजवायची नसेल तर देऊन टाक कुणाला तरी. नवऱ्याची आठवण म्हणून नुसती मिरवू नकोस."

कुठलीही बाई उठून गेली असती आणि तिने पुन्हा तोंड पाहिलं नसतं. तू पेटी गोधडीत बांधलीस, जिना उतरलीस, आणि पुढच्या मंगळवारी तीन वाजता पुन्हा आलीस. येताना माझ्यासाठी सुक्या जवळ्याची पुडी. आपण त्या वाक्याबद्दल कधीच बोललो नाही. मी माफी मागितली नाही. मला वाटायचं, तू विसरलीस.

मग रेखाची हळद ठरली. तू आमंत्रण द्यायला पेढे घेऊन आलीस आणि शिकवणीपलीकडचं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलंस. म्हणालीस, माझा हात पोचत नाय, तू शेजारी बसून वाजव, मी नुसती तोंडाने गुणगुणेन. मी नाही म्हटलं. तुझी तयारी झालेली नाही, चारचौघांत हसं होईल, असं कारण दिलं. ते खोटं होतं. खरं कारण वेगळं. बाबा बँडमध्ये वाजवायचे तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूला, वाढप्यांच्या शेजारी पंगतीला बसायचे, ते मी लहानपणी पाहिलं होतं. शाळेची बाई झाल्यावर मी ठरवलं होतं, कुणाच्या मांडवात पेटी घेऊन बसायचं नाही. तुझ्या कोळीवाड्यात, डीजेच्या भिंतीसमोर, पेटी छातीवर घेऊन बसलेली मी मलाच दिसली आणि मी नाही म्हटलं. पाहुणी म्हणून तरी ये, असं तू म्हणालीस. बघते, म्हटलं. आले नाही.

रेखाने त्या मंगळवारी आत येऊन पाणी प्यायलं आणि सगळं सरळ सांगितलं. दिवाळीत तुझी डावी छाती काढली होती. त्यानंतर डावा हात सुजायचा, वर व्हायचा नाही. दर मंगळवारी सकाळी परळला औषध चढवायला बसायचीस, चार-पाच तास, आणि तिथून सरळ माझ्याकडे यायचीस. रेखा म्हणायची, घरी चल, पड जरा. तू ऐकायची नाहीस. केस गेले होते, आणि शेवटी तर तीन मजलेही चढवेनात. मी कुठल्या खांद्यावर पट्टा चढवून खेचला होता, ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही. ते तुलाच सांगते आहे. तुला तर ठाऊकच आहे.

मी रेखाला एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं? तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "आईनेच घातलं होतं तोंडाला कुलूप. म्हणायची, सगळी माझ्याशी हळू आवाजात बोलतात. बाईला कळलं तर तीही हळू बोलेल. एक जागा राहू दे, जिथं मना ओरडतात."

हे ऐकून मला बरं वाटावं म्हणूनच तिने सांगितलं असेल. नाही वाटलं. तू मला तुझा आजार विसरायची जागा म्हणून वापरलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, पण विचारायचं होतंस गो. मी ओरडायचं कमी केलं नसतं. पट्टा तेवढा सैल केला असता.

जाताना रेखाने मोबाईल काढला. तुझ्या जावयाच्या भावाने हळदीला घेतलेला व्हिडिओ होता, तीन-साडेतीन मिनिटांचा. बघता का, म्हणाली. तिच्यासमोर बघायचं धाडस झालं नाही. पाठवून ठेव म्हटलं. मधे दोन दिवस गेले आणि काल दुपारी पाहिला.

मांडवात तू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आहेस. डोक्याला हिरवा रुमाल. आवाज करणारी पोरं थोडी बाजूला उभी आहेत, डीजे बंद केलाय, कुणीतरी "आवरा लवकर" म्हणतंय. तुझी उजवी बोटं पट्ट्यांवर आहेत, आणि डाव्या बाजूला जमिनीवर गुडघे टेकून रेखा बसली आहे, अंगभर हळद लागलेली नवरी, पेटीची डावी बाजू दोन्ही हातांनी धरून तुझ्यासाठी भाता ओढते आहे. तू मानेने खूण केलीस की ओढते, खूण केलीस की मिटते. दोघींची चुकामूक होते, हवा संपते, पोरं हसतात. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. दुसऱ्या खेपेला मागून कुणा म्हातारीचा आवाज येतो, मग आणखी एक. त्या दोघी म्हाताऱ्यांना शब्द येत होते म्हणजे. तुला वाटलं होतं तुझ्यानंतर कुणालाच येणार नाहीत. तीन कडवी झाली. चौथ्याला तू थांबलीस, हात मांडीवर ठेवलास, आणि व्हिडिओ घेणाऱ्याने दुसरीकडे कॅमेरा फिरवला.

मी तो अकरा वेळा पाहिला. पहिल्या खेपेला रेखाकडे बघत होते, दुसऱ्या खेपेला तुझ्या बोटांकडे. मग एकदा तुझ्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येक कडवं संपलं की तू मान वर करतेस आणि मांडवाच्या तोंडाशी बघतेस, जिथून पाहुणे आत येतात तिथे. एक, दोन, तीन वेळा. तिसऱ्या वेळी जरा जास्त वेळ.

मी घरीच होते, हिरा. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.